आधी जखमी, मग फोटो

गेल्या पावसाळ्यात एक दूधवाले गृहस्थ कुबड्या घेऊन दवाखान्यात आले. पहाटे रतीब घालून मोटारसायकलवरून परतताना फाट्यावर समोरून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवले होते. नडगीचे हाड मोडले आणि चार महिने धंदा बंद राहिला. नुकसानभरपाईच्या दाव्यात टेम्पोवाला म्हणत होता, की मोटारसायकलच चुकीच्या बाजूने अंगावर आली. "डॉक्टरसाहेब, माझ्या पुतण्याने फोटो काढलेत ना!" म्हणत त्यांनी मोबाईल पुढे केला. सात फोटो होते, आणि सातही चेपलेल्या मोटारसायकलचे, अगदी जवळून काढलेले. रस्ता कोणता, टेम्पो कोणत्या बाजूला उभा होता, हे एकाही फोटोत दिसत नव्हते. पायाच्या जखमेचा तर एकही फोटो नव्हता.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण अपघाताच्या वेळी त्याने नेमके काय टिपावे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिली दहा मिनिटे माणसासाठी

फोटोची घाई नको. प्रथम १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर आग लागणे, पुन्हा धडक बसणे असा धोका असल्याखेरीज जखमीला हलवू नये. त्याला पाणी किंवा चहा पाजू नये. मदतीला भरपूर माणसे असतील तर त्यांतील एकाने फोटोचे काम घ्यावे. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता बाळगू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण आहे, आणि नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

जागेचे फोटो कसे घ्यावेत

वाहने हलवण्यापूर्वी, रहदारीपासून स्वतःला सांभाळून, तीन टप्प्यांत फोटो घ्यावेत.

पहिला टप्पा लांबून. दोन्ही वाहने, रस्त्याच्या दोन्ही कडा, वळण आणि एखादी न हलणारी खूण (मैलाचा दगड, विजेचा खांब, दुकानाची पाटी) एकाच चौकटीत यावी. असे फोटो चारही दिशांनी घ्यावेत. कोण कोणत्या बाजूला होते, हे यांवरूनच कळते.

दुसरा टप्पा मध्यम अंतरावरून. वाहनांचे नंबर, टायर घासल्याच्या खुणा, सांडलेले तेल, फुटलेल्या काचा, खड्डा, बंद पडलेला दिवा, झाडाआड गेलेला फलक हे टिपावे.

तिसरा टप्पा जवळून. वाहन कोठे चेपले, रंग कोठे घासला, हेल्मेट कोठे तडकले ते घ्यावे. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवले तर आकाराचा अंदाज येतो.

जखमेचेही फोटो हवेत

वैद्यकीय दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच राहून जातो. जखम भरते, सूज ओसरते. मुका मार प्रथम लालसर-जांभळा दिसतो, मग निळसर, नंतर हिरवट-पिवळा होतो आणि बहुधा दोनएक आठवड्यांत नाहीसा होतो. दावा सुनावणीला येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने, ड्रेसिंग बदलताना, फोटो घ्यावा. एका फोटोत चेहऱ्यासह दुखावलेला भाग आणि दुसऱ्यात नुसती जखम असावी. पुढे दर तीन-चार दिवसांनी असेच फोटो घ्यावेत. प्लास्टर, कुबड्या आणि राहिलेला व्रणही टिपावा.

मात्र नुसत्या फोटोवर विसंबू नये. रुग्णालयात अपघाताची नोंद (एम.एल.सी.) झाली आहे ना, हे पाहावे. कोठे कोठे दुखते ते पहिल्याच दिवशी सगळे सांगावे. "कंबर थोडी दुखते, त्यात काय सांगायचे," असे म्हणून गप्प राहिलेल्या रुग्णाला पुढे ते दुखणे अपघाताचेच आहे, हे पटवून देणे जड जाते. केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले एका पिशवीत जपावीत.

अपंगत्वाची टक्केवारी सर्वांना सारखी लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात सांगितले आहे, की डावा हात गमावलेल्या वाहनचालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, तर त्याच इजेने सरकारी कारकुनाची नोकरी जाईलच असे नाही. म्हणून आपला व्यवसाय काय आणि आता कोणते काम जमत नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

फोटो जपावे कसे

मूळ फोटोत काटछाट किंवा रंगबदल करू नये. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यासोबतची तारीख-वेळेची माहिती गळते. म्हणून मूळ फोटो त्याच मोबाईलमध्ये ठेवावा आणि एक प्रत दुसरीकडे उतरवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून फोटो कोणी आणि कोणत्या मोबाईलने काढले हे लिहून ठेवावे. जखमींचे किंवा मृतांचे फोटो गावभर फिरवणे मात्र माणुसकीला धरून नाही.

फोटो पोलिसांच्या पंचनाम्याची जागा घेत नाही, त्याला बळ देतो. पंचनाम्याची आणि फिर्यादीची प्रत मागून घ्यावी. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली गेली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी आपण मुदतीतच दावा करावा हे शहाणपणाचे.

आमच्या दूधवाल्यांचा दावा अजून चालू आहे. पंचनाम्यात टायरच्या खुणांची नोंद आहे, तेवढाच त्यांना आधार. पुतण्या दहा पावले मागे सरकला असता, तर तो आधार आणखी भक्कम झाला असता.