ट्रॅक्टरच्या इंजिनास कोणतें वंगणतेल घालावें?

शेतकऱ्याच्या घरीं ट्रॅक्टर आला कीं बैलांच्या वैरणीची चिंता कमी होते खरी. पण तिच्या जागीं वंगणतेलाची चिंता येते. बाजारांत साधें खनिज तेल व सिंथेटिक तेल असे दोन प्रकार मिळतात. दुसऱ्याची किंमत पुष्कळच अधिक असते. तो जादा खर्च सार्थकीं लागतो काय, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

खनिज तेल हें भूगर्भांतील कच्च्या तेलापासून शुद्ध करून काढतात. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक क्रियेनें मुद्दाम जुळविलेले असतात. कांहीं प्रकारांत खनिज तेलासच तशा क्रियेनें नवें रूप दिलेलें असतें. यामुळें तें कडक थंडींत लवकर थिजत नाहीं व तीव्र उष्णतेंत लवकर करपत नाहीं. हे गुण खरे आहेत. मात्र ते आपल्या उपयोगीं किती पडतात, हें पाहिलें पाहिजे.

डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असे आंकडे असतात. पहिला आंकडा थंडींतील प्रवाहीपणा दाखवितो. दुसरा, १०० अंश सेंटिग्रेड उष्णतेस उरणारा दाटपणा. १५ डब्ल्यू तेलाची थंडीची एक परीक्षा उणें २० अंशांवर घेतात. दख्खनच्या पठारावर पौषांतील पहांटेसही तितकी थंडी पडत नाहीं. तेव्हां केवळ थंडीसाठीं '५ डब्ल्यू' तेलास जादा दाम मोजणें व्यर्थ होय.

याहून महत्त्वाची खूण म्हणजे तेलाची प्रत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारींत डिझेल इंजिनाच्या तेलास 'सी' हें आद्याक्षर असतें. जसें, १९९८ ची सीएच-४ व २००२ ची सीआय-४. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत जी प्रत व जो दाटपणा सांगितला असेल, तेंच तेल घ्यावें. त्या प्रतीचें खनिज तेल हें हलक्या प्रतीच्या सिंथेटिक तेलापेक्षां केव्हांही बरें. टर्बोचें इंजिन भर उन्हाळ्यांत तासन्‌तास नांगरणीस जुंपावयाचें असेल, तर मात्र सिंथेटिक तेलाचा खर्च विचारांत घेण्याजोगा आहे.

"हें तेल दुप्पट दिवस चालतें," असें दुकानदार सांगतो. पण तेल बिघडतें तें केवळ करपल्यानें नव्हे. शेतांतील धूळ व डिझेलची काजळी त्यांत मिसळत असते, आणि धुळीचा कण सिलिंडर खरवडतांना तेलाची किंमत विचारीत नाहीं. म्हणून पुस्तिकेंतील तासांची मर्यादा मोडूं नये. पुष्कळ ठिकाणीं ती २५० तासांची असते. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा, व हवा गाळण्याचें भांडें धुळीच्या दिवसांत वरचेवर साफ करावें.

तेल काळें झालें म्हणजे बिघडलें असें नव्हे. काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. परंतु तें दुधट दिसल्यास आंत पाणी शिरलें, व पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आल्यास डिझेल उतरत आहे, असें समजून इंजिन बंद ठेवावें व मिस्त्रीस दाखवावें.

शेवटीं, रिकामा डबा भोंक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यांत बनावट तेल भरून कोणी विकणार नाहीं. काढलेलें तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतूं नये. तें अधिकृत खरेदीदारास द्यावें. इंजिनाचें आयुष्य डब्यावरील नांवापेक्षां मालकाच्या नियमितपणावरच अधिक अवलंबून आहे.