रेशमाची रानपाखरं

पहिला मोठा पाऊस पडून गेला की जंगलालगतच्या गावांत दिव्याखाली सकाळी एखादं तळहाताएवढं पाखरू पडलेलं सापडतं. मोबाइलवर फोटो निघतो, गावभर फिरतो आणि नावही लगेच ठरतं : अ‍ॅटलास! बुलढाण्यात हे नाव बहुतेक वेळा चुकीचं असतं. अ‍ॅटलास हा ओल्या जंगलांचा पतंग. आपल्याकडे तो पाहायचा तर सह्याद्रीत जावं. रंग तांबूस, पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या आणि पुढच्या पंखाच्या टोकाला सापाच्या डोक्याचा भास. पंखांचा पसारा 24 सेंटिमीटरपर्यंत जातो.

बुलढाण्याचं रान वेगळं. खामगाव रस्त्यावर बोथ्याजवळ पसरलेलं ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे 205 चौरस किलोमीटरचं. टिपेश्वरहून निघालेला वाघ 2019 मध्ये इथे येऊन पोचला, तेव्हा या जंगलाचं नाव देशभर झालं. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीतलं अंबाबरवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं आहे. साग, ऐन, धावडा, सालई, मोई अशी ही कोरडी पानझड. अशा रानात रानरेशमाच्या कुळातले दोन पतंग आधी आठवावेत : टसर आणि चंद्रपतंग.

टसराच्या चारही पंखांवर मधोमध एकेक गोल डोळा असतो. त्या डोळ्याच्या आत खवलेच नसतात, काच बसवावी तसा तो भाग आरपार दिसतो. मेलेल्या पतंगाचा पंख छापील कागदावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता येतात. नर लहान आणि विटकरी, मादी थोराड, पिवळसर किंवा राखी. एवढा रंगभेद असल्यामुळे लोक त्यांना दोन जाती समजतात. अशा वेळी मिशा पाहाव्यात. नराच्या मिशा रुंद, दोन्ही बाजूंनी दाते फुटलेल्या फणीसारख्या, मादीच्या अरुंद. मादीचा गंध हवेतून टिपायचं काम या मिशांचं, म्हणून नराला त्या एवढ्या मोठ्या लागतात.

चंद्रपतंग मात्र एकदा पाहिला की विसरत नाही. फिकट पोपटी पंख, अंगावर पांढरी मऊ लव, पुढच्या कडेला गडद तांबडी पट्टी आणि मागे लांब, पिळदार शेपट्या. या शेपट्या नुसती शोभा नव्हेत. अमेरिकेतल्या लूना या त्याच्या भावंडावर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की उडताना गिरक्या घेणाऱ्या शेपटीकडे वटवाघळाचा नेम वळतो. शेपटी तुटते, पतंग वाचतो. म्हणून शेपट्या नसलेला पोपटी पतंग दिसला तर त्याला घाईनं दुसरी जात ठरवू नये.

खरा घोटाळा होतो तो फळातला रस शोषणाऱ्या पतंगापाशी. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या संत्रा बागायतदारांना तो वेगळा सांगायला नको. पुढचे पंख वाळल्या पानासारखे, मागचे नारिंगी-काळे, दिसायला देखणा. याची अळी गुळवेलीवर वाढते. ओळख पटवायची तर त्याच्या तोंडाकडे बघा : फळाची साल भोसकणारी मजबूत सोंड आहे. रानरेशमाच्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि संपतो. सोंड दिसली की टसर आणि चंद्रपतंग दोघेही बाद. कण्हेरीवरचा हिरवा, चिरूटासारख्या अंगाचा, निमुळत्या पंखांचा पतंगही याच कसोटीवर वेगळा पडतो. शेतकरी तुतीवर पाळतात तो पांढरा रेशीमपतंगसुद्धा या कुळातला नाही, त्याचं घराणं निराळं.

माझ्या मते टसर शोधायचा खरा हंगाम पावसाळा नव्हे, तर पानगळीनंतरचा. पानं झडली की ऐन, अर्जुन, बोरीच्या फांद्यांवर कोसा उघडा पडतो : अंड्याच्या आकाराचा, टणक, मळकट रंगाचा. त्याचा देठ रेशमाचाच असतो आणि वर डहाळीभोवती कडं घालून घट्ट बसलेला असतो. आत कोश पुढच्या पावसापर्यंत निजलेला. वाऱ्यानं पान गळतं, कोसा गळत नाही. चंद्रपतंगाचा कोसा पातळ, पानांत गुंडाळलेला, त्यामुळे पाचोळ्यात तो हाती लागणं कठीण.

टसराची हीच ओळख भंडारा-गडचिरोलीकडच्या ढिवर समाजाचं पोट भरत आली आहे. ऐन-अर्जुनावर अळ्या सोडायच्या, पाखरांपासून आणि मुंग्यांपासून राखायच्या, मग कोसे उतरवायचे. त्याच धाग्याची करवतकाठी साडी होते. त्या भागातल्या जाणत्यांची नजर आधी झाडावर जाते, किड्यावर नंतर.

तेव्हा फोटो काढताना पतंगाचा वरून एक, मिशांचा आणि तोंडाचा जवळून एक घ्यावा, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवावं, तारीख आणि गाव लिहावं. आसपासच्या झाडांची नावंही लिहावीत, अळी किंवा कोसा सापडला असेल तर विशेषच. अभयारण्यातून कोसा उचलून आणू नये, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तिथलं काहीही परवानगीशिवाय नेता येत नाही. आणि दिव्याखाली पडलेला पतंग जिवंत असेल तर उन्हं वर येण्याआधी पुठ्ठ्यावर घेऊन झुडपाच्या सावलीत ठेवावा. कोतवाल आणि साळुंक्या दिव्याखाली सकाळीच हजर होतात.