जुने टायर, नवी चाके

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर मार्गावर इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘केऑनिक्स’ या कर्नाटक शासनाच्या संस्थेने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर तिची उभारणी आरंभिली. २०१० साली सिल्क बोर्डाच्या चौकापासून सुमारे १० किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग तेथवर पोहोचला. त्या मार्गावर वाहन अखंड वेगाने धावते, तर खालच्या रस्त्यांवर गतिरोधक, खड्डे आणि पावसाचे साचलेले पाणी यांतून त्याला वाट काढावी लागते. येथील एसयूव्हीच्या चाकाला हे दोन्ही प्रकारचे ताण सोसावे लागतात. शहरातील जे. सी. रोड हा मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार. तेथून मिश्रधातूची देखणी चाके आणून आपले चांगल्या स्थितीतले टायर त्यांवर चढवावेत, अशी इच्छा अनेकांना होते. अशा वेळी निवड शोभेवरून करावयाची की मापावरून, यावर प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून असते.

बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून चढवीत असे. धाव किंचित मोठी झाली तर ती निसटे, लहान झाली तर चढतच नसे. रबरी टायरलाही हाच न्याय लागू आहे. टायरच्या कडेवर २३५/६५ आर १७ असे अंक असतील, तर टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १५३ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १७ इंच असा त्यांचा अर्थ होतो. ‘आर’ हे अक्षर टायरची रचना रेडियल असल्याचे दर्शविते. यातील व्यासाच्या बाबतीत कोणतीही तडजोड संभवत नाही. १७ इंची टायरला १७ इंची रिमच हवी.

रिमच्या रुंदीस मात्र थोडी मोकळीक असते. वरील मापाच्या टायरला साधारणपणे साडेसहा ते साडेआठ इंच रुंदीची रिम मान्य आहे. रिम याहून अरुंद असल्यास टायरच्या बाजू फुगतात आणि वळणावर गाडी डुलते. ती फार रुंद असल्यास टायरच्या बाजू ताणल्या जातात, रिमची कड उघडी पडते आणि खड्ड्याचा आघात थेट धातूवर बसतो.

टायर रिमवर नीट बसला म्हणजे चाक गाडीवर बसेलच, असे मात्र नाही. बोल्टांची संख्या आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. ११४.३ आणि ११२ मिलिमीटर या दोन प्रचलित मापांत जेमतेम २.३ मिलिमीटरचे अंतर आहे. पाना जोराने फिरवून असे चाक बसविता येते. परंतु बोल्ट तिरपे ताणले जातात आणि पुढे सैल होतात किंवा तुटतात. नटाची बैठक शंकूसारखी आहे की गोलाकार, हेही पाहावयास हवे. चाकाच्या मधले छिद्र गाडीच्या हबपेक्षा मोठे असल्यास योग्य मापाचे कडे घालून ते मध्यभागी आणता येते. ते लहान असल्यास चाक निरुपयोगी समजावे.

यानंतर ‘ऑफसेट’चा विचार येतो. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेरच्या बाजूस आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट होय. मूळ चाक ७ इंच रुंद व ४० मिलिमीटर ऑफसेटचे असेल आणि नवे ८ इंच व ३० मिलिमीटरचे घेतले, तर रिमची बाहेरची कड सुमारे २३ मिलिमीटर बाहेर येते, तर आतली कड जवळजवळ ३ मिलिमीटर आत सरकते. परिणामी बेअरिंगवरील भार वाढतो, सुकाणू जड वाटू लागते आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासण्याचा संभव असतो.

चाकाची भारक्षमता हा सर्वांत दुर्लक्षित विषय. मागील आसावर पूर्ण भरलेल्या गाडीचे १,३०० किलो वजन येत असेल, तर त्या प्रत्येक चाकाची क्षमता निदान ६५० किलो असलीच पाहिजे. टायरवरील १०४ हा भारांक ९०० किलोंचा निदर्शक असला, तरी ती क्षमता टायरची असते, चाकाची नव्हे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत चाकांची वळणाचा ताण, उभा भार आणि आघात यांविषयी परीक्षा केली जाते. म्हणून चाकावर कोरलेली मापे, कमाल भार आणि मानकचिन्ह वाचल्याखेरीज व्यवहार करू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांवर मर्यादा घालते, याचेही स्मरण ठेवावे.

टायर चढविण्यापूर्वी एक रिकामे चाक गाडीला लावून ते हाताने फिरवावे आणि ब्रेकच्या भागांना कोठे स्पर्श होतो काय ते पाहावे. टायर चढविल्यावर सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत वळवून पुन्हा पाहणी करावी. नट समोरासमोरचे, आलटून पालटून, निर्मात्याने सांगितलेल्या ताणाने आवळावेत आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. रिमचा व्यास व टायर तेच राहिल्याने चाकाचा घेर बदलत नाही. त्यामुळे वेगदर्शकाचा काटा पूर्वीइतकाच विश्वासार्ह राहतो. जुने टायर राखून ठेवण्याचा हा एक निश्चित लाभ होय.