लेकरू ट्रेनिंगला गेलं की

आपल्या विष्णुपुरीत धरणाच्या रस्त्यानं पहाटे पळणारी पोरं आपण रोज बघतो. त्यातलं एखादं अग्निवीर म्हणून लागतं, गल्लीत पेढे वाटले जातात. मग पंधरा दिवसांनी फोन येतो, "आई, इथं भाकर नाही गं." त्या दिवशी माईला घास जात नाही. तिथं लेकराला कशाचं कमी पडतं, का पडतं आणि घरून आपण काय करायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

कुणाला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या केंद्रात पाठवतात, कुणाला तोफखान्याच्या नाशिक रोडला, कुणाला महार रेजिमेंटच्या सागरला. अग्निवीराचं ट्रेनिंग साधारण ३१ आठवड्यांचं, म्हणजे सात महिन्यांचं असतं. मुलीही आता जातात. लष्करी पोलिसांच्या बेंगळुरूच्या केंद्रातून महिला जवानांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली.

तिथं उपासमार होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. लंगरमध्ये वरण, भात, चपाती, भाजी पोटभर मिळते. पोट भरतं, पण जिभेला ज्वारीची भाकर आणि ठेचा आठवतो. त्याहून जास्त आठवतात त्या साध्या गोष्टी: मनाला येईल तेव्हा चहा, दुपारची डुलकी, दार लावून घटकाभर एकटं बसणं, घरच्या लाडक्या नावानं कुणी हाक मारणं. फोन जमा असतो, ठरल्या वेळीच हातात येतो. पहाटे उठायचं, दाढी, बूट पॉलिश, बिछान्याची घडी, सगळं घड्याळावर. चुकलं की उस्ताद रगडा देतात.

हे सगळं छळायला केलेलं नसतं. शेतकऱ्याचा पोरगा असो की मास्तरचा, सगळ्यांना एकच ताट आणि एकच खाट. त्यातून शेजारच्या खाटेवरचा पोरगा भावासारखा होतो. पुढं जिवावरची वेळ आली तर तोच सोबत असतो.

दुसरं कारण पुढच्या नेमणुकीत आहे. सियाचीनवर आपलं सैन्य १९८४ पासून उभं आहे. तिथं जाण्याआधी जवानाचं शरीर उंचीला सरावावं लागतं: ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १५ हजारांपर्यंत ४ दिवस, त्याहून वर आणखी ४ दिवस. पहिले दोन दिवस तर नुसती विश्रांती. वर पाणी बर्फ वितळवून करायचं आणि खाणं बरंचसं डब्यातलं. ट्रेनिंगमध्ये चहावाचून राहायला शिकलेल्याला तिथं तेवढं जड जात नाही.

आता आपलं काम. फोन थोडाच वेळ असतो, तो रडण्यात घालवू नका. म्हशीला रेडकू झालं, तूर काढली, बहिणीचा निकाल लागला, असं घरचं सांगा. सोयरीकीतली भांडणं आणि सावकाराचा तगादा त्याच्या कानावर घालू नका. तिथून त्याला काही करता येत नाही, रात्रीची झोप तेवढी जाते. पण घरात खरंच गंभीर काही झालं तर लपवूही नका. त्याच्या कंपनीच्या ऑफिसचा नंबर आधीच लिहून ठेवा आणि तिथं कळवा.

पत्र लिहा. फोन संपतो, पत्र उशाखाली राहतं. पत्त्यावर त्याचा नंबर, नाव आणि कंपनी नीट घाला. पुढं नेमणूक झाली की पत्त्यात गावाचं नाव नसतं, '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढंच असतं. फौज कुठं आहे ते बाहेर कळू नये म्हणून ही सोय. म्हणून त्याची छावणी, तुकडी, जाण्याची तारीख स्टेटसला टाकू नका.

खाऊ पाठवायचा तर चालतो का ते आधी त्यालाच विचारा. शेंगदाण्याची चटणी, कोरडे लाडू टिकतात. दशम्या-धपाटे वाटेतच खराब होतात. पाठवाल ते चौघांना पुरेल एवढं पाठवा, तिथं एकट्यानं खायची रीत नाही.

शेवटी कसम परेड होते. अनेक केंद्रांत त्या वेळी आईवडिलांना बोलावून गौरव पदक देतात. जमेल त्यांनी अवश्य जावं. मग लेकरू सुट्टीवर येईल, पहाटेच उठेल, स्वतःचं ताट धुईल, गोधडीची घडी घालील. "परक्यासारखा वागतोस" असं म्हणू नका. गरम भाकर वाढा आणि त्याला निवांत झोपू द्या.