थरथरता हात आणि गोळीची वेळ

वडाळा, नायगांव, परळ या भागांत ऐंशीला टेकलेले आईवडील आणि नोकरीवर जाणारीं मुलें एकत्र राहतात, अशीं घरें पुष्कळ आहेत. वडिलांचा हात थरथरूं लागला, कीं "वय झालें" एवढ्यावर तेथें विषय मिटतो. तो तसा मिटवूं नये. कंप केव्हां होतो, हें आधीं पाहावें. पेला तोंडाशीं नेतांना किंवा सही करतांना हात हलतो आणि मांडीवर ठेवला कीं थांबतो, हा एक प्रकार. हात स्वस्थ असतांनाच अंगठा व तर्जनी गोळी वळल्यासारखीं हलतात, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जातें, हा दुसरा. या दुसऱ्याचें वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं केलें. आपण त्याला कंपवात म्हणतों. दोहोंचीं औषधें निराळीं आहेत.

तिसरा प्रकार औषधानेंच आलेल्या कंपाचा. माझ्या मतें सर्वांत अधिक दुर्लक्ष याच्याकडेच होतें. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन दिलेलें असतें. चक्कर जाते, पण जुन्या चिठ्ठीवर गोळी वर्षानुवर्षें येतच राहते, आणि म्हातारपणीं तिनें हुबेहूब कंपवातासारखीं लक्षणें उत्पन्न होऊं शकतात. ओकारीवरील मेटोक्लोप्रमाइडचेंही तेंच. दम्यावरील साल्ब्युटामॉलनेंही हात कांपतो. यासाठीं डॉक्टरांकडे जातांना घरांतील साऱ्या गोळ्या, चूर्णें, चाटणें एका पिशवींत घालून न्यावींत.

चूर्णांचा उल्लेख मुद्दाम केला. खाजकुहिलीचें बीं आयुर्वेदाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. १९३७ सालीं मद्रासेस दामोदरन व रामस्वामी यांनीं त्या बियांतून लेव्होडोपा हें द्रव्य वेगळें काढलें, आणि कंपवातावरील मुख्य गोळींतही आज तेंच असतें. वैद्याचें चूर्ण आणि डॉक्टरची गोळी, दोन्ही चालू. एकाची वार्ता दुसऱ्याला नाहीं. मग पोटांत मात्रा किती गेली, हें कोण सांगणार?

हें द्रव्य आंतड्यांतून रक्तांत आणि रक्तांतून मेंदूंत ज्या वाटेनें जातें, तीच वाट अन्नांतील प्रथिनांच्या अंशांचीही. दूध, डाळ किंवा मासळी यांच्याबरोबर गोळी घेतली, तर सायंकाळीं हार्बरच्या गाडींत शिरूं पाहणाऱ्या वृद्धासारखी ती फलाटावरच राहते! यास्तव गोळी जेवणाच्या अर्धा तास आधीं, किंवा जेवण झाल्यावर एक-दीड तासानें द्यावी. आरंभीं मळमळ होत असेल, तर बरोबर कोरडें बिस्किट द्यावें.

कांहीं वर्षांनीं गोळीचा अंमल लवकर ओसरूं लागतो. पुढील गोळीपूर्वीं कंप व ताठरपणा परततो. उलट गोळी अंगांत पुरती भिनली असतां हातपाय, मान नाचल्यासारखीं वळवळतात. घरच्यांना दोन्ही सारखेंच दिसतें : "बाबा फार हलतात." परंतु पहिल्यांत औषध बहुधा कमी पडत असतें, दुसऱ्यांत अधिक होत असतें. डॉक्टर रुग्णाला दहा मिनिटें पाहतात. दिवसभर पाहणारे तुम्हीच. एक वही करावी. गोळी किती वाजतां दिली, हलणें केव्हां आलें, जेवण केव्हां झालें, एवढें एक आठवडा लिहावें. तीन ओळींची ही टिपणी पुष्कळदां नव्या तपासणीहून अधिक उपयोगीं पडते.

त्याच वहींत आणखी दोन गोष्टी याव्यात. पहिली, उभें राहतांच येणारी अंधारी. रक्तदाब एकदम उतरल्यानें ती येते. वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरांत आषाढीच्या रांगेंत आईला उभें करण्यापूर्वीं याचा विचार करावा. दुसरी, संध्याकाळीं कोपऱ्यांत कोणी बसलें आहे असें दिसणें किंवा बोलण्यांत गोंधळ होणें. विशेषतः ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असतां वृद्धांत असा भ्रम होतो, बद्धकोष्ठही वाढतें. "तेथें कोणी नाहीं," असा वाद न घालतां दिवा लावावा आणि डॉक्टरांना कळवावें. भिऊन सगळीं औषधें एकदम बंद करणें मात्र जिवावर बेतूं शकतें. ताठरपणा आणि ताप एकाएकीं चढतो.

पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था मुंबईंत २००१ सालीं निघाली. रुग्ण व नातेवाईक यांना ती एकत्र आणते. आणि दाराच्या उंबरठ्याशीं वडिलांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, तर त्यांना ओढूं नये. शेजारीं उभें राहून टाळीचा ठेका धरावा, किंवा पुढें जमिनीवर खडूची आडवी रेघ ओढून ती ओलांडावयास सांगावें. पुष्कळदां पाऊल सुटतें. घरीं टाळ असेल तर अधिक बरें.