अरण्यवाटेवरील मुक्काम

घरांतील मुलांनीं रानांत राहुटी ठोकून रात्र काढण्याची गोष्ट काढली, कीं वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढें साप व श्वापदें उभीं राहतात. परंतु मुलांपासून रानास काय भय आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आम्हींही केला नव्हता. सह्याद्रींतील एका किल्ल्याच्या पायथ्याशीं आम्हीं तीन दगडांची चूल मांडली, पिठलें-भात केला, निखाऱ्यांवर माती लोटली आणि निजलों. पहाटे वारा सुटला व भोंवतालचें वाळलेलें गवत पेटलें. कळशीभर पाणी जवळ होतें, म्हणून निभावलें.

त्यानंतर इतर देशांत काय रीत आहे, याची चौकशी आम्हीं केली. अमेरिकेच्या पश्चिम भागांत मेक्सिकोच्या सरहद्दीपासून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत सुमारें २,६५० मैलांची ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ नामक डोंगरवाट आहे. १९६८ सालच्या कायद्यानें तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला. पादचारी व घोडेस्वार यांस तेथें मुभा आहे. मोटारीस व सायकलीस मज्जाव आहे. बहुतेक मुक्कामीं ना धर्मशाळा, ना नळ. सपाट जागा पाहून उतरावें व ओढ्याचें पाणी शुद्ध करून प्यावें, एवढीच सोय.

सोय थोडी, पण शिस्त मोठी. पाण्यापासून २०० फूट, म्हणजे सुमारें ७० पावलें, दूर उतरावें. शौचासाठीं तितक्याच अंतरावर ६ ते ८ इंच खोल खड्डा खणून मागाहून बुजवावा. अस्वलांच्या मुलखांत अन्न भक्कम डब्यांत बंद ठेवावें. घोडा रात्रभर झाडास बांधूं नये. तो खुरांनीं मुळें उकरतो व साल कुरतडतो. म्हणून दोन झाडांमध्यें उंच दोर ताणून त्यास घोडीं बांधतात, आणि साल सोलूं नये म्हणून बुंध्यास रुंद पट्टे गुंडाळतात. घोडा समोरून आल्यास पादचाऱ्यानें बाजूस व्हावें व चार शब्द बोलावे. पाठीवर ओझें घेतलेली मुकी आकृती पाहून जनावर बुजतें.

विस्तवाविषयीं तर फारच दक्षता. कोरड्या दिवसांत पुष्कळ ठिकाणीं चुलीस बंदीच असते. एरव्हीं निखाऱ्यांवर पाणी ओतावें, राख ढवळावी, पुन्हा ओतावें, आणि हातास गार लागेपर्यंत जागा सोडूं नये. नुसत्या मातीखालीं निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. आमची चूक तीच होती.

मुलांस रानांत जाऊं द्यावें, असेंच आमचें वडील मंडळींस सांगणें आहे. मात्र चुलीस वनखात्याची परवानगी आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें. चूल विझविण्याची रीत घरींच एकदां करवून घ्यावी. आणि शिध्याबरोबर एक कळशी अवश्य द्यावी.