पहिला अर्धा तास

खोलीचं दार लागलं की बाहेर बसलेल्या पालकांना वाटतं, तपासणी सुरू झाली. खरं तर पहिला अर्धा तास मी वहीच उघडत नाही. रविवारी रात्री झोप लागते का, सोमवारी सकाळी पोट दुखतं का, मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खातोस, एवढंच विचारते. विशेष शिक्षिका म्हणून बावीस वर्षं झाली. अध्ययन अक्षमता वहीत सापडण्याआधी सोमवारच्या पोटदुखीत सापडलेली मी कितीदा तरी पाहिली आहे.

तिसरीतला एक मुलगा मराठीचं पुस्तक घडाघडा वाचायचा. आई म्हणाली, "मॅडम, वाचता येतं हो त्याला, लिहायचाच कंटाळा आहे." मी पान कोऱ्या कागदानं झाकलं आणि मधली एकच ओळ उघडी ठेवली. तो गप्प झाला. मोठी बहीण रोज मोठ्यानं वाचून दाखवायची, त्यावरून त्यानं अख्खं पुस्तक पाठ केलं होतं, पान कुठे उलटायचं तेसुद्धा. प्रगतिपुस्तकावर शेरा होता, ‘आळशी’. त्यानं हळूच विचारलं, "आईला सांगणार?"

इंग्रजीतल्या बी-डीची अदलाबदल सगळ्यांनी ऐकलेली असते. आमच्याकडच्या वह्यांत घचा ध होतो, भचा म होतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि ३ चा ६ होतो, कारण ते दोन आकडे जवळजवळ एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. पण एवढ्यावरून कुणी ठप्पा मारू नये. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग बुद्ध्यांक, मग शैक्षणिक चाचणी. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते.

२००७ मध्ये वाचता-लिहिता न येणाऱ्या, पण सुंदर चित्रं काढणाऱ्या मुलावरचा ‘तारे जमीन पर’ आला आणि पालक चित्रपटाचं नाव घेऊनच यायला लागले. त्याचा उपयोग झालाच. मात्र एका वडिलांनी काळजीनं विचारलं, "पण आमच्याला तर चित्रकलाही येत नाही, मग?" एखादी कला अंगात असली तरच मदतीचा हक्क, असं नाही हो. काही न येणाऱ्या मुलालाही तो तेवढाच आहे.

दहावीच्या लेखनिकाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली आहे. परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण उत्तर तोंडी सांगणं हे वेगळं कौशल्य आहे, ते शिकवावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आमची एक मुलगी सरावाच्या पहिल्याच दिवशी दोन शब्द सांगून थांबली. नववीतली लेखनिक पेन धरून वाट बघत राहिली. मुलगी उठली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. नंतर म्हणाली, "तिला कळेल ना, मी किती ढ आहे ते." दहा वर्षं लपवलेलं तिला आता एका धाकट्या मुलीसमोर मोठ्यानं बोलायचं होतं.

आम्ही सराव थांबवला, आधी समुपदेशकाकडे पाठवलं. दोन महिन्यांनी पुन्हा बसवलं. प्रश्न स्वतःशी दोनदा वाचायचा, वाक्य मनात पूर्ण करायचं, मग सांगायचं. ‘पूर्णविराम, नवीन ओळ’ हेही म्हणायचं. लेखनिकानं न सांगितलेलं अक्षरही लिहायचं नाही. त्या नववीतल्या मुलीला आम्ही हे नियम शिकवले होते. एक गोष्ट ती आपल्या मनानं बोलली, "ताई, सावकाश सांग, मला घाई नाही." त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण पेपर झाला.

दुसऱ्या एका आईनं प्रमाणपत्र आणलं ते हॉल तिकिटं वाटून झाल्यावर. पुढे लग्नाला आड येईल, म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. त्या वर्षी मुलाला लेखनिक मिळाला नाही.

म्हणून विनंती आहे, तिसरी-चौथीत शंका आली तर तेव्हाच या. प्रमाणपत्र मिळालं की शाळेत द्या आणि सवलतींचा अर्ज वेळेत करा. आणि मूल कधी "मला जगायचंच नाही" म्हणालं, तर ते नाटक समजू नका, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.